घरची भाजीपाला बाग: सुरुवात कोठून करावी आणि ती पुढे टिकवावी कशी?

कोरी_पाटी
नमस्कार. घराच्या मागच्या बाजूला साधारण तीन मीटर रुंद आणि आठ मीटर लांब अशी मोकळी पट्टी आहे आणि वर गच्चीही रिकामीच आहे. रोजच्या भाजीतला थोडा वाटा घरी पिकवावा, अशी इच्छा आहे. याविषयी बरेच वाचले आणि अनेकांना विचारले, परंतु झाडांना पाणी लागते, याखेरीज कशावरही दोघांचे एकमत आढळले नाही. जमिनीत लावावे की कुंड्यांत, आहे ती माती चालेल की बाहेरून आणावी, खत किती व केव्हा द्यावे, बी पेरावे की तयार रोपे आणावीत, कीड पडल्यास काय करावे, हे नेहमीचे प्रश्न माझेही आहेतच. पण माझी खरी शंका वेगळी आहे. ओळखीच्या ज्यांनी ज्यांनी मोठ्या हौसेने अशी बाग सुरू केली, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे आज रिकाम्या कुंड्यांची उतरंड तेवढी उरली आहे. असे का होते, आणि ते टाळायचे तर पहिल्या हंगामात काय करावे व काय करू नये, हे जाणकारांनी सांगावे.

वाफसा
मातीचा विचार नंतर करा, आधी ऊन पाहा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी अशा फळभाज्यांना दिवसाकाठी सहा ते आठ तास थेट ऊन लागते, तर पालेभाज्यांचे तीन-चार तासांवर भागते. एखाद्या मोकळ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला त्या पट्टीवर सावली कोठे पडते, हे कागदावर टिपून ठेवावे. सूर्याची उंची ऋतूनुसार बदलत असल्यामुळे एका ऋतूत उन्हाने भरलेली जागा दुसऱ्या ऋतूत भिंतीच्या सावलीत जाते, म्हणून ज्या हंगामात लागवड करायची त्याच हंगामातले ऊन मोजलेले बरे.

त्यानंतर निचरा तपासावा. साधारण ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, पाणी पूर्ण जिरू द्यावे आणि लगेच दुसऱ्यांदा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी तासाला अडीच सेंटिमीटर तरी उतरले पाहिजे. त्याहून हळू उतरत असेल तर जमिनीवर वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीचा वाफा करून त्यात लावावे. चिकण मातीत वाळू मिसळा, हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका. वाळूचे प्रमाण फार मोठे असल्याशिवाय त्या मिश्रणाचा निचरा सुधारत नाही, उलट ते वाळल्यावर अधिकच घट्ट बसते. चिकण मातीला आणि रेताड मातीला, दोन्हींना उपाय एकच आहे, तो म्हणजे चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा शेणखत, आणि तेही एकदाच भरपूर टाकून मोकळे होण्यापेक्षा दर हंगामाला थोडे थोडे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ओली माती खणू नये आणि तुडवू नये. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा आणि त्याला बोटाने टिचकी मारावी. गोळा फुटला तर खणण्याजोगी स्थिती आली असे समजावे, आणि नुसता चेपला तर आणखी दोन दिवस थांबावे.

आळशी_माळी
दिवसभर सावली मोजायची असेल, तर खुर्ची कोठे ठेवावी, हेही वाफसा यांनी सांगायला हवे होते. माझ्या मते बागेतले पहिले आवश्यक साधन तेच आहे.

कुंडीपती
गच्चीविषयी थोडे लिहितो, कारण त्या विषयातला उत्साह धोक्याचा ठरू शकतो. एक चौरस मीटरचा, ३० सेंटिमीटर खोलीचा वाफा म्हणजे ३०० लिटर माती होते आणि ती साधी बागेतली माती असेल तर पाणी दिल्यावर तिचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास जाते. असे चार-पाच वाफे गच्चीच्या मधोमध मांडण्यापूर्वी इमारतीची भारक्षमता जाणणाऱ्या अभियंत्याला विचारणे हे ऐच्छिक नव्हे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट आणि थोडी माती असे हलके मिश्रण वापरल्यास वजन बरेच उतरते. मात्र नुसत्या कोकोपीटमध्ये झाडाला लागणारे पोषण जवळजवळ नसते, हे लक्षात ठेवावे.

कुंडीच्या आकाराबाबत कंजुषी करू नये. पालेभाज्यांना १५ ते २० सेंटिमीटर खोली पुरते, पण टोमॅटो किंवा वांग्याच्या एका झाडाला साधारण २० लिटरची कुंडी हवी. लहान कुंडी उन्हात तापते, दुपारपर्यंत कोरडी पडते आणि मग दिवसातून दोनदा पाणी घालण्याचा व्याप मागे लागतो. निचऱ्यासाठी तळाला खडे किंवा विटांचे तुकडे यांचा चार बोटे थर द्यावा आणि त्यावर मिश्रण भरावे.

सूक्ष्मदर्शी
कुंडीपती यांचे वजनाविषयीचे म्हणणे अगदी योग्य आहे, परंतु खड्यांच्या थराविषयी असहमती नोंदवतो. बारीक कणांच्या मातीतून जाड खड्यांच्या थरात पाणी सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण संपृक्त होईपर्यंत ते सीमेवरच अडून राहते. कुंडीत तळाशी जो एक कायम ओला पट्टा असतो, तो खड्यांमुळे नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येतो. पाणी पिऊन निथळलेला आयताकृती स्पंज आडवा धरून मग उभा धरला, तर त्यातून आणखी पाणी गळते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे चटकन कळेल. उंची वाढली की निचरा सुधारतो. म्हणून खड्यांची जागाही मिश्रणानेच भरावी.

कुंडीपती
आपले स्पष्टीकरण पटले. तरीही भोकावर काहीच ठेवले नाही, तर पहिल्या पाण्यालाच माती वाहून जाते आणि गच्चीवर चिखल होतो, त्याचे काय?

सूक्ष्मदर्शी
त्यासाठी जाळीचा एक तुकडा किंवा एकच खापर पुरेसे आहे. थर देण्याचे कारण नाही.

रोखठोक
सर्वांचा उत्साह पाहून बरे वाटले, पण धागाकर्त्यांच्या मुख्य शंकेला कोणी हात घातलेला दिसत नाही. बागा ओस पडतात याचे कारण माती किंवा खत हे क्वचितच असते. सुरुवात प्रमाणाबाहेर मोठी केली जाते, हे खरे कारण आहे. सगळी पट्टी एकदम खणली जाते, हाती लागेल ते बी पेरले जाते, पहिले तीन आठवडे कौतुकात जातात आणि मग तण, पाणी, आधाराच्या काठ्या, विरळणी आणि कीड ही सगळी कामे एकाच आठवड्यात अंगावर येतात. त्याच सुमारास घरात दुसरे काही निघते, आठ दिवस लक्ष राहत नाही, आणि परतल्यावर जे दिसते ते पाहून पुन्हा खुरपे उचलावेसे वाटत नाही.

दुसरे असे की, पैसे वाचतील या अपेक्षेने बाग करणाऱ्याने आधी साधा हिशेब करावा. बटाटा आणि कांदा जागा अडवून बसतात आणि बाजारात सहज मिळतात. याउलट कोथिंबीर, पालक, मिरची, चेरी टोमॅटो आणि घेवडा यांची थोडक्या जागेत वारंवार तोडणी होते आणि ताजेपणाचा फरकही यांच्यातच सर्वाधिक जाणवतो. पिशव्या, माती, खते, औषधे हे सगळे विकत आणून लावलेला टोमॅटो स्वस्त पडत नाही, हे कोणीतरी मोकळेपणाने सांगायला हवे.

रानवेडी
रोखठोक यांच्या पहिल्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे, दुसऱ्याशी अर्धीच. हिशेब पहिल्या वर्षाचा मांडला तर तो तोट्याचाच दिसणार, कारण वाफे, नळी आणि अवजारे पुढे अनेक वर्षे चालतात आणि कंपोस्ट घरच्या कचऱ्यातून होऊ लागले की, खताचा खर्चही थांबतो.

त्यांच्या यादीत एक भर घालते. जागा पाण्याच्या नळाजवळ आणि येण्याजाण्याच्या वाटेवर असावी. दिवसातून दोनदा जिच्यावरून नजर फिरते त्या वाफ्यातली अळी दुसऱ्याच दिवशी दिसते. दूरच्या कोपऱ्यातल्या वाफ्यात ती पान खाऊन मोठी झाल्यावर दिसते. ऊन सारखेच मिळत असेल तर मी नेहमी दाराजवळची जागा निवडेन.

उंबरठा
खताविषयी कोणी लिहील काय? अंड्यांची टरफले, चहाचा चोथा, कॉफीचा गाळ, केळीच्या साली, चुलीची राख, हे सर्व कुंडीत टाकावे असे जिकडेतिकडे सांगितले जाते. टोमॅटोच्या फळांना खालच्या टोकाला काळा खोलगट डाग पडतो, त्यावर टरफलांचा चुरा घालतात, असेही ऐकले आहे.

सूक्ष्मदर्शी
तो डाग कॅल्शियमच्या कमतरतेमुळे पडतो हे खरे, परंतु बहुतेक वेळा ती कमतरता मातीत नसून फळात असते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर झाडात वर चढते. माती एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब ओली अशी राहिली, की फळाच्या टोकापर्यंत त्याचा पुरवठा तुटतो. त्यामुळे पाण्यातला नियमितपणा आणि मातीवरचे आच्छादन हेच त्यावरचे पहिले उपाय आहेत. टरफले मातीत फार हळू विरघळतात, त्यामुळे या हंगामातल्या फळांना त्यांचा उपयोग होण्याची शक्यता कमीच. ती कंपोस्टात टाकायला हरकत काहीच नाही.

राखेबाबत मात्र सावध राहावे. लाकडाची राख मातीचा अल्कधर्म वाढवते. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ या दरम्यानचा सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) मानवतो. ज्यांची माती आधीच साताच्या वर आहे त्यांनी राख घातली, तर लोहासारखी अन्नद्रव्ये झाडाला घेता येत नाहीत आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मग पिवळेपणा दिसतो म्हणून आणखी खत घातले जाते.

आणि नत्राचा अतिरेक हा घरच्या बागांतला सर्वांत सार्वत्रिक रोग आहे, असे माझे मत आहे. झाड गर्द हिरवे, उंच आणि भरदार होते, घरातले सगळे त्याचे कौतुक करतात, आणि फूल काही येत नाही. शिवाय त्या कोवळ्या लुसलुशीत वाढीवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आधी येतो.

आळशी_माळी
म्हणजे कौतुक करणे थांबवले, तर फुले येतील, असा मी याचा सोयीस्कर अर्थ घेतो.

वाफसा
कंपोस्टाचा विषय निघालाच आहे, तर ताज्या शेणाविषयी इशारा द्यायला हवा. न कुजलेले शेण मुळे जाळते आणि त्यातले रोगजंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर येऊ शकतात. सेंद्रिय शेतीच्या काही नियमावल्यांत ताजे शेण घातल्यापासून काढणीपर्यंत, मातीला टेकणाऱ्या भाज्यांसाठी १२० दिवस आणि मातीपासून दूर राहणाऱ्यांसाठी ९० दिवस असे अंतर सांगितले आहे. घरच्या बागेत त्यापेक्षा सोपे म्हणजे ते आधी नीट कुजवून मगच वापरणे.

ढिगात कोरडे व ओले यांचे प्रमाण सांभाळले की, बाकी फारसे कष्ट नाहीत. वाळकी पाने, कागद, भुसा यांत कर्ब जास्त असतो, आणि भाजीच्या काड्या, ताजे गवत यांत नत्र. वजनाच्या हिशेबाने कर्ब व नत्र यांचे गुणोत्तर २५ ते ३० ला १ असे असावे, असे शास्त्र सांगते. व्यवहारात घमेल्याने मोजताना ओल्याच्या दोन-तीन पट वाळका पाला घातला की, साधारण जमते. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर ओले जास्त झाले आहे. ढीग थंड आणि कोरडा पडून राहिला, तर पाणी किंवा ओला कचरा कमी पडला आहे. तण आणि रोगट झाडे मात्र लहान ढिगात टाकू नयेत. तणांची बिये आणि रोगजंतू मरण्यासाठी ढिगाच्या आत ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापमान काही दिवस टिकावे लागते आणि साधारण घनमीटरभर आकार असल्याशिवाय ढीग तेवढा तापत नाही.

कोरी_पाटी
सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे सावली टिपली. पट्टीच्या एका टोकाला सात तास ऊन येते, मधल्या भागात पाच तास आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम तीन. खड्ड्यातले दुसरे पाणी तासाला अंदाजे तीन सेंटिमीटर उतरले. घराच्या भिंतीलगतची माती वापरावी काय, हा प्रश्न मात्र नवीन निर्माण झाला आहे, कारण तेथे जुन्या रंगाचे पापुद्रे पडलेले दिसतात.

रानवेडी
भिंतीलगत खाण्याचे काही लावू नका. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता असते आणि ते मातीत वर्षानुवर्षे राहते. पालेभाज्यांच्या पानांवर बसणारी माती आणि कंदमुळांना चिकटलेली माती यांतून ते पोटात जाण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि घरात लहान मुले असतील तर अधिकच. मातीची तपासणी करून घ्यावी; तोपर्यंत भिंतीपासून दूर राहावे आणि त्या कडेला फुलझाडे लावावीत.

सावली
ज्या टोकाला तीनच तास ऊन येते त्याला कमी लेखू नये, असे माझे सांगणे आहे. पालक, कोथिंबीर आणि सॅलडची पाने यांना कडक उष्म्यात तीच जागा अधिक मानवते. ही झाडे उष्णतेने आणि मोठ्या दिवसांनी लवकर फुलावर येतात, दांडा वर काढतात आणि पाने कडवट किंवा चरबट होतात. दुपारची सावली मिळाली तर तोडणीचे दिवस वाढतात. मुळा किंवा गाजर तेथे लावले, तर पाला भरपूर येईल, खाली मात्र काही हाती लागणार नाही.

बीजसंग्रह
बी की रोप, हा प्रश्न अजून शिल्लक आहे. मुळा, गाजर, घेवडा, भेंडी आणि वेलवर्गीय भाज्या यांचे बी थेट वाफ्यात टाकावे, कारण मुळे दुखावलेली त्यांना सोसत नाहीत. विशेषतः गाजराचे मुख्य मूळ वाकले की, गाजर फुटून दोन पायांचे होते. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांची रोपे करून मग ती हलवावीत. पहिल्याच हंगामात टोमॅटो-मिरचीची तयार रोपे आणली, तर त्यात कमीपणा नाही. बी त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल पेरावे, त्याहून खोल नको. उगवणीला मुळ्याला चार-पाच दिवस लागतात आणि गाजराला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, म्हणून बी फसले असे ठरवून वाफा घाईने पुन्हा खणू नये.

आणि शक्य तेथे सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांचे बी घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी घरचेच बी धरता येईल. संकरित वाणाचे धरलेले बी उगवते, पण त्यातून येणारी झाडे एकसारखी निघत नाहीत.

मांडवाखाली
बीजसंग्रह यांच्या सल्ल्याला एक अपवाद जोडणे गरजेचे आहे. टोमॅटो, घेवडा यांचे परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होते, त्यामुळे घरचे बी विश्वासार्ह असते. दुधी, भोपळा, दोडका, काकडी यांचे तसे नाही. मधमाश्या एका वेलीचा पराग दुसऱ्या वेलीवर नेतात आणि जवळपास त्याच जातीची शोभेची किंवा रानटी वेल असेल, तर बियांत कडू गुणधर्म उतरू शकतो. दुधी किंवा काकडी नेहमीपेक्षा कडू लागली, तर ती थुंकून टाकावी आणि ते फळ फेकून द्यावे. शिजवल्याने तो कडूपणा जात नाही. त्यातल्या कुकुरबिटॅसिन या द्रव्यामुळे तीव्र उलट्या, जुलाब आणि रक्तस्रावापर्यंत वेळ येऊ शकते. कडू रस आरोग्यासाठी चांगला, अशा समजुतीने तो पिणे तर सर्वांत घातक. कारल्याचा कडूपणा वेगळा आहे, त्याची धास्ती नको.

वेलींबाबत दुसरी नेहमीची तक्रार अशी असते की, फुले येतात पण फळ धरत नाही. सुरुवातीला काही दिवस नुसती नर फुलेच येतात, त्यात काळजीचे काही नाही. मादी फुलाच्या देठाशी चिमुकले फळ दिसते. ते पिवळे पडून गळत असेल, तर पराग पोहोचलेला नाही. फूल उमलताच ताजे नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि आतला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. भोपळा आणि काकडीची फुले सकाळी उमलतात, तर दुधीची संध्याकाळी. त्यामुळे दुधीसाठी हे काम तिन्हीसांजेला करावे लागते.

बीजसंग्रह
मांडवाखाली यांची दुरुस्ती मान्य आहे. वेलींचे बी धरायचेच असेल, तर मादी फूल उमलण्याच्या आधी कागदी पिशवीत बांधून हाताने परागीभवन करावे आणि त्याच फळाला खूण करून ठेवावी.

उंबरठा
टोमॅटोचीही फुले गळतात, त्याचे कारण काय असावे?

वाफसा
बहुधा उष्णता. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उबदार राहिली की, टोमॅटोचा पराग निकामी होतो आणि फूल देठापासून गळते. त्यावर खत किंवा संजीवक शोधत बसू नये. दुपारी सावलीचे कापड बांधावे, मातीवर आच्छादन ठेवावे आणि हवा उतरण्याची वाट पाहावी.

रानवेडी
कीड अजून राहिलीच आहे, म्हणून लिहिते. सर्वांत आधी मुंग्यांकडे लक्ष द्यावे. मिरचीवर मुंग्यांची वर्दळ दिसली, तर शेंड्याजवळच्या पानांच्या मागे मावा असतो, कारण त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. माव्याच्या माद्या नराविनाच पिलांना जन्म देतात आणि ती पिले उबदार हवेत आठवडाभरात स्वतः पिले देऊ लागतात. म्हणून चार दिवसांचा आळस महागात पडतो. पहिल्या टप्प्यावर पाण्याची जोराची फवार पुरते. ती सलग काही दिवस मारावी. त्याने भागले नाही, तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून थोडा सौम्य द्रवरूप साबण घेऊन, आधी एका पानावर चाचणी करून, संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने फवारावे. उन्हात फवारल्यास पाने करपतात आणि निंबोळीतला अझाडिरॅक्टिन हा घटकही उन्हाने लवकर निकामी होतो.

फवारणीपूर्वी पानावर काळसर, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी दिसणारी अळी आहे काय, ते पाहावे. ती ठिपक्याठिपक्यांच्या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असते. प्रौढ भुंगेऱ्याचे सर्वांना कौतुक असते, आणि मावा अधाशीपणे खाणारी हीच अळी मात्र कुरूप दिसते म्हणून चिरडली जाते.

रोखठोक
पाने मुडपून लहान राहिलेल्या टोमॅटोविषयीही सांगावे, कारण तेथे लोक महिनोन्‌महिने फवारण्या करत राहतात.

रानवेडी
पर्णगुच्छासारखा विषाणूजन्य रोग असेल, तर त्यावर औषध नाही. पांढरी माशी तो पसरवते, त्यामुळे झाड उपटून टाकावे आणि उरलेल्या झाडांशेजारी पिवळे चिकट सापळे लावावेत. एक झाड वाचवण्याच्या नादात वाफा गमावण्यात अर्थ नसतो.

आळशी_माळी
यावेळी गंभीरपणे लिहितो. पाण्याच्या वेळापत्रकातून सुटका हवी असेल, तर आच्छादनासारखे दुसरे काही नाही. वाळका पाला किंवा पेंढा पाच-सात सेंटिमीटर जाडीने पसरावा, खोडाला चिकटू देऊ नये. तण निम्म्याहून कमी उगवते आणि ओल टिकते. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर पाणी द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. ढोबळ मानाने आठवड्याला चौरस मीटरमागे २५ लिटर पाणी लागते, कडक उन्हात त्याहून जास्त. बोट पाच सेंटिमीटर मातीत खुपसावे. टोकाला ओल लागली तर नळ बंदच ठेवावा. दुपारी माना टाकलेली झाडे पाहून धावू नये. सकाळीही तशीच दिसली, तरच ती तहानलेली असतात. कुंड्यांना मात्र हा नियम लागू नाही, त्यांना उन्हाळ्यात रोज पाहावेच लागते.

कोरी_पाटी
हे सर्व वाचून बेत बराच लहान केला आहे. सात तास उन्हाच्या टोकाला, भिंतीपासून दूर, दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असा एकच वाफा करीन. त्यात टोमॅटोची दोन आणि मिरचीची तीन रोपे, एका कडेला घेवडा. सावलीच्या टोकाला पालक आणि कोथिंबीर. गच्ची या वर्षी तशीच राहील. यात काही चुकते आहे काय?

वाफसा
रुंदी योग्य आहे, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. टोमॅटोची दोन झाडे एकमेकांपासून किमान ६० सेंटिमीटर ठेवा आणि आधाराच्या काठ्या लावणीच्याच दिवशी रोवा, नंतर रोवल्या तर मुळे तुटतात. टोमॅटोचे रोप खालची पाने काढून थोडे खोल लावले तरी चालते, त्याच्या खोडाला नवी मुळे फुटतात. पालक आणि कोथिंबीर एकदम सगळी पेरू नका; दर दोन-तीन आठवड्यांनी एकेक ओळ पेरली, तर काही दिवस उतू जाणे आणि मग महिनाभर काहीच नसणे, असे होत नाही. पुढच्या वर्षी टोमॅटो व मिरचीच्या जागी घेवडा येऊ द्या. वांगी आणि बटाटाही त्यांच्याच कुळातले असल्यामुळे तीही त्या जागी लगेच नकोत.

रोखठोक
माझ्या मते मिरचीची दोनच रोपे लावावीत. बाकी उत्तम.

उंबरठा
विषय पिकांच्या फेरपालटाकडे आलाच आहे म्हणून विचारते. घेवड्याची जुनी झाडे उपटली तेव्हा मुळांवर गाठी दिसल्या. शेजारच्या टोमॅटोच्या मुळांवरही तशाच काहीशा आहेत. हा रोग आहे काय?

सूक्ष्मदर्शी
दोन्ही एकच नसाव्यात. घेवड्याच्या मुळावरची गाठ बोटाने चोळून पाहावी. ती मुळाच्या बाजूला चिकटलेली असून सहज सुटून आली आणि कापल्यावर आत गुलाबी दिसली, तर ती हवेतला नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या रायझोबियम जिवाणूंची आहे. अशी झाडे उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावीत आणि मुळे मातीतच कुजू द्यावीत. टोमॅटोवर त्या जिवाणूंच्या गाठी येत नाहीत. तेथे मूळच ठिकठिकाणी सुजलेले असेल आणि गाठ सुटी होत नसेल, तर ते सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, आहेत. ती मुळे कंपोस्टात न टाकता बागेबाहेर काढावीत आणि त्या तुकड्यात एक संपूर्ण हंगाम दाट झेंडू लावून तो नंतर मातीत गाडावा. कोपऱ्यात शोभेपुरती दोन रोपे लावल्याने काही साधत नाही. घेवडाही सूत्रकृमींना बळी पडतो, म्हणून त्याच्या मुळांवर दोन्ही प्रकारच्या गाठी आहेत काय, हे एकदा नीट धुऊन पाहावे.